सत्तरीत गाडीखाली शिरताना

सत्तरी उलटलेल्या माणसाने गाडीखाली शिरावे की नाही, यावरून आमच्या घरात वर्षभर वाद चालला होता. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणे, "बाबा, आता पुरे." सूनबाई म्हणे, "मामंजी, गॅरेजवाल्याला चार पैसे द्या आणि मोकळे व्हा." आमची मंडळी काही बोलत नसे. पण मी पाना हातात घेतला की ती सूप घेऊन अंगणात तांदूळ निवडायला बसे आणि गाडीखालून माझे पाय हलताहेत ना, यावर नजर ठेवी. वाद कसा मिटला ते पुढे सांगणारच आहे. आधी गाडीची ओळख करून देतो, कारण तशी एखादी गाडी तुमच्याही गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी असेल.

वाडी पडली, गाडी राहिली

आमचे दिघी हे गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. समोर आगरदांडा, आणि खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात उभा जंजिरा. आता मोठी फेरीबोट मोटारीसकट माणसांना पलीकडे नेते. माझी नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारपर्यंत अर्ध्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपे लावली. पण पोफळ काही भाजीपाला नव्हे. तिचे उत्पन्न हाती यायला वर्षे लागतात. शिंपणे, पाडप, सोलणे यांत वर्षभर गुंतलेले हात एकाएकी मोकळे झाले. मोकळे हात म्हाताऱ्याला फार लवकर म्हातारा करतात, हे तुमच्यातल्या कित्येकांनी अनुभवले असेल.

मी मेकॅनिक नव्हे. लहानपणी आमच्या वाडीला रहाटाने पाणी असे. पुढे डिझेल इंजिन आले. ते बंद पडले की मिस्त्री यायला तीन दिवस लागत आणि तोवर रोपे माना टाकत. म्हणून उघडत गेलो, शिकत गेलो. आपल्याकडे पुष्कळांचे हात असेच तयार झाले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले, त्यातून १९०३ साली लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण काही नांगर काढणार नाही; पण आपली गाडी आपण ओळखावी एवढे तर करता येते.

माझी गाडी म्हणजे मारुतीची ओम्नी व्हॅन, २००९ सालची, मी २०१४ साली जुनी घेतलेली. ही गाडी १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. इतकी वर्षे गावोगाव चालल्यामुळे तिचे सामान अजून मिळते आणि तिचे दुखणे जाणणारा माणूसही तालुक्याला भेटतो. इंजिन पुढच्या बाकाखाली असते. बाक उचलला की बरेचसे काम बसल्या बसल्या होते. गुडघे धरलेल्या माणसाला ही सोय मोठी आहे.

२०२४ साली गाडीला १५ वर्षे झाली. मुलगा म्हणाला, "भंगारात काढा." पण आमच्या मंडळींच्या मनात दुसरेच होते. तिला कार्तिकीला पंढरपूरला जायचे होते. एस. टी. ची पायरी तिच्या गुडघ्यांना चढवत नाही आणि यात्रेच्या गर्दीत धर्मशाळेच्या फरशीवर झोपणे झेपत नाही. एकदा ती सहज म्हणाली, "या गाडीतच अंथरूण पडलं असतं तर?" तेव्हापासून मी कामाला लागलो.

फिरते घर काही नवे नाही

परदेशात निवृत्त माणसे मोटारीत घर थाटून महिनोन् महिने हिंडतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आणले. पण चाकावरचे घर आपल्याला परके आहे का? भाता आणि ऐरण गाडीत घालून गावोगाव विळे-कोयते करणारे घिसाडी गाडीतच संसार करीत. जत्रेला जाताना आपले आजे बैलगाडीवर तट्ट्या घालीत, खाली कडबा अंथरीत आणि गाडीमागे चूल मांडीत. आजही वारीत दिंडीबरोबर चालणारा ट्रक म्हणजे शंभर माणसांचे कोठारच असते. तेव्हा लाज वाटू देऊ नका. मात्र बैलगाडीला जो कायदा नव्हता तो मोटारीला आहे.

आधी कागद, मग हत्यार

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ५ वर्षांसाठी नवी केली जाते आणि जुन्या गाडीचा पर्यावरण करही भरावा लागतो. आम्हांला त्यासाठी पेणच्या परिवहन कार्यालयाकडे जावे लागते. गाडी नेण्यापूर्वी दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, वायपर, काच सारे घरीच पाहून घ्या. एका जळलेल्या बल्बसाठी पुन्हा तेवढी वाट तुडवायला लागू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेली गाडीची मूळ बांधणी आपल्या मनाने बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. छत कापून उंच करणे, बाके कायमची काढून पलंग ठोकणे, अंगाला नवी दारे पाडणे हे परवानगीवाचून करू नका. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. मी गाडीला एकही नवे भोक पाडले नाही. जे केले ते सारे पाच मिनिटांत उचलून बाहेर ठेवता येते. आणि मालवाहू टेम्पोच्या हौद्यात गादी घालून माणसे नेणे हे तर साफ चूक. धक्का बसला की मागच्या माणसाला धरायला काही नसते.

खारा वारा पत्रा खातो

किनाऱ्यावर गाडीचे पहिले शत्रुत्व खाऱ्या हवेशी. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ओल्या लोखंडाला गंज फार वेगाने चढतो. देशावरच्या वाचकांनीही हे हसण्यावारी नेऊ नये. खताच्या गोणी वाहिलेल्या गाडीचा तळ असाच जातो, कारण खत हेही मीठच.

माझ्या गाडीत गंज कुठे होता ते सांगतो. तुम्हीही तिथेच पाहा. एक, दाराच्या खालच्या कडेला. तिथे पाणी जायला बारीक भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजतात आणि दार आतून कुजते. हिराच्या काडीने दर पंधरवड्याला ती मोकळी करावी. दोन, पायाखालच्या मॅटखाली. पावसाळ्यात मॅट ओली राहते, पत्रा दिसत नाही आणि एक दिवस बोट आरपार जाते. तीन, चाकावरच्या कमानीत साचलेल्या चिखलाच्या थरामागे. चार, दारांखालच्या लांबट पट्टीत. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार घेतो. म्हणून ही पट्टी कुजली तर तो दिसण्याचा दोष नव्हे, गाडीचे हाडच गेले असे समजावे.

पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहा. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड लागेपर्यंत खरवडा, कोरडे पुसा, रेड ऑक्साईडचे दोन हात द्या आणि वर रंग चढवा. गंजावर नुसता रंग फासणे म्हणजे खरजेवर पावडर लावणे. पत्रा आरपार गेला असेल तर लांबी भरून झाकू नका. लांबीला बळ नसते. तिथे कुजका भाग कापून नवा पत्रा जोडणारा डेंटरच हवा.

कोळी बांधव १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दिवसांत होड्या ओढून घेतात, खरवडतात, रंगवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर निश्चिंत मनाने पाण्यात जातात. गाडीलाही वर्षातून एकदा अशी सुट्टी द्या. फेरीबोटीतून किंवा समुद्रकाठच्या रस्त्याने जाऊन आलात की तळावर गोडे पाणी मारा. वाळूत गाडी घालण्याची हौस तर मुळीच करू नका. तळाला जळके ऑईल फासण्याची रीत आहे. ती मी सोडली. ते रबरी भागांना फुगवते आणि पावसात गळून विहिरीच्या वाटेला लागते.

तो दिवस

आता त्या वादाचे. मागच्या मार्चात मी मागच्या डाव्या चाकाची कमान खरवडायला घेतली. अंगणातला एक जांभ्याचा चिरा घेतला, त्यावर जॅक ठेवला, गाडी उचलली आणि चाक काढले. मंडळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, ते काढलेलं चाक गाडीखाली सरकवा की. मोकळं कशाला ठेवलंय?" मी मनात हसलो. तिचे मन राखावे म्हणून चाक आडवे करून खाली ढकलले आणि खांद्यापर्यंत आत शिरलो.

दहा मिनिटांनी कट्ट असा आवाज झाला. चिरा मधोमध फुटला होता. जॅक कलंडला आणि गाडी खाली आली, ती त्या चाकावर. माझ्या डोक्यात आणि पत्र्यात चार बोटांचे अंतर राहिले. मनगट सोलवटले, एवढेच. मी सरपटत बाहेर आलो. मंडळींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उशिरापर्यंत एक शब्द बोलली नाही. ते न बोलणे मला मुलाच्या सगळ्या फोनांपेक्षा जड गेले.

चूक माझी होती. जांभा, वीट, सिमेंटचा ब्लॉक यांच्यावर घर उभे राहते, कारण भार सगळीकडे सारखा पसरतो. जॅकचा बारीक पाया एका ठिकाणी दाबतो, आणि मग दगड न सांगता फुटतो. लाकूड आधी करकरते, दबते, इशारा देते. दगड इशारा देत नाही.

त्या रात्री तिने अटी घातल्या आणि मी मान्य केल्या. त्या तुम्हीही घरात मोठ्याने वाचून दाखवा.

जमीन सपाट आणि टणक असावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. मागची बाजू उचलायची तर पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावावी; कारण हातब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि तीच उचलली की त्याच्यावर भिस्त राहत नाही. जॅक जाड फळीवर आणि नेमून दिलेल्या जागीच लावावा. ती जागा आधी ठोकून पाहावी. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड लावावेत आणि काढलेले चाकही सरकवून ठेवावे. आत शिरण्यापूर्वी गाडीला हाताने हलवून पाहावे. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. आणि घरात दुसरे मोठे माणूस असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. फोन खिशात ठेवावा, ओट्यावर नव्हे.

वाद असा मिटला. मी काम सोडले नाही आणि तिने सूप घेऊन बसणे सोडले नाही. फरक इतकाच, आता ती बसली आहे ना हे मी आधी पाहतो.

म्हाताऱ्या हातांची हत्यारे

वय लपवून काम होत नाही, वय ओळखून होते. माझा दोन भिंगांचा चष्मा गाडीखाली आडवे पडल्यावर कुचकामी ठरतो. जवळचे पाहायचे भिंग खालच्या बाजूला, आणि पाहायचे असते वर. मी नुसत्या वाचायच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेतला. कपाळाला बांधायचा दिवा घेतला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

ताकद कमी झाली तर पान्याची दांडी लांब करा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडा आणि सकाळी हात लावा. झटका मारू नका. झटक्याने बोल्ट तुटतो किंवा पाठ धरते. बॅटरी दोघांनी उचला. खालून एकदम उभे राहू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येते. आधी बसा, मग उठा. मधुमेह असेल तर चपलेवर काम करू नका, पायाला लागलेले कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान जखमही वाहत राहते. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवा. दहा वर्षे झाली असतील तर दवाखान्यात विचारा.

आणि एका दिवशी एकच काम. उन्हे तापण्यापूर्वी तासभर पुरे. गाडी कुठे पळून जात नाही.

बिछाना, दिवा आणि पंखा

माझ्या गाडीत मागे समोरासमोर दोन बाके आहेत. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या टाकल्या की पलंग झाला. पट्ट्या कसल्या? वादळात पडलेल्या पोफळींच्या. खोडाच्या बाहेरच्या कठीण भागाच्या रीपा काढून, वाळवून, दोरीने एकमेकींना बांधल्या. गुंडाळल्या की वळकटीएवढ्या होतात. वर कापसाची पातळ गादी. मी साडेपाच फुटांचा. तिरके झोपले की पाय पुरतात. गाडी चालू असताना मात्र या पलंगावर कोणी बसायचे वा झोपायचे नाही.

दिवा-पंख्याला गाडीची बॅटरी वापरू नका, सकाळी गाडी चालू होणार नाही. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर १५ वॅटचा पंखा तासाला सव्वा अँपिअर खातो. आठ तास चालला तर १० अँपिअर-तास लागले. ५ वॅटचा दिवा तीन तास लावला तर आणखी सव्वा. पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे रात्रीला २४ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी हवी. तुमच्या फवारणी पंपातली बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. ती १२ अँपिअर-तासांची असेल तर पंखा साडेचार तास सहज चालेल. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेला अगदी तोंडाशी फ्यूज लावा. तार कुठे घासली तर आधी फ्यूज जळेल, गादी जळणार नाही. गाडीच्या बॅटरीवर काम करताना ऋण टोकाची तार आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पाना पत्र्याला लागून ठिणगी उडणार नाही. टोकांवरची पांढरी भुकटी खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने जाते.

स्टोव्ह गाडीत कधीही पेटवू नका. थंडी असो, पाऊस असो, चहा बाहेरच. इंजिन चालू ठेवूनही झोपू नका. त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना वास देतो. झोपेतच माणूस जातो. काच दोन बोटे खाली ठेवा आणि तिथे मच्छरदाणीचे कापड लावा.

आपले काम कोणते?

ऑईल, फिल्टर, प्लग, बल्ब, फ्यूज, वायपर, गंज आणि रंग ही कामे माझी. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची नळी आणि वेल्डिंग ही गॅरेजची. गॅस किट असलेल्या गाडीत तर घरी हातच लावू नये आणि घरगुती सिलिंडरचा गॅस कधीही भरू नये. ब्रेकचे तेल कमी झालेले दिसले तर नुसते वर ओतून गप्प बसू नका; ते का कमी झाले हे दाखवून घ्या. रेष अशी आखा: माझी चूक झाली तर गाडी घरी बंद पडेल, की घाटात पडेल? घरी बंद पडणार असेल तर खुशाल उघडा. घाटात पडणार असेल तर गॅरेजला न्या. यात कमीपणा नाही.

सगळे कामकाज वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च झाला. विसराळूपणाला हेच औषध. नातीला मी ही वही लिहायला लावली. ती सुट्टीत येते, मी सांगतो, ती लिहिते. आता ती विचारते, "आबा, प्लग काळा का झाला?" माझा हात थरथरू लागेल तेव्हा पाना कोणाच्या हातात जाईल याची मला काळजी उरलेली नाही.

मागच्या कार्तिकीला आम्ही निघालो. मुलाने स्वतः येऊन गाडी चालवली. रात्री मी चालवायचे नाही ही सूनबाईची अट होती आणि ती रास्त होती. बोर्ली, म्हसळा, माणगाव, ताम्हिणी घाट, पुणे आणि पुढे पंढरपूर. वाटेत विचारून एका देवळाच्या पटांगणात गाडी लावली. मुलगा ओसरीवर झोपला, आम्ही दोघे गाडीत. पोफळीच्या रीपा जराशा करकरल्या. मंडळी म्हणाली, "आपल्याच झाडांवर झोपलोय, नाही का?" आणि घोरायलाही लागली.

तेव्हा वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्याच्या हातातून पाना काढून घेऊ नका. त्याला चांगला दिवा द्या, मजबूत स्टँड द्या, आणि जवळ बसा. आणि म्हाताऱ्यांनो, तुम्ही? घरचे माणूस "चाक आत सरकवा" म्हणाले, तर हसू नका. सरकवा.